पहिल्या चेंडूपासून फायनलपर्यंत

३ ऑक्टोबर, सकाळी ६
टक्-खर्र, टक्-खर्र. अकरा जोड्या बूट सिमेंटच्या बोळातून मैदानाकडे निघाले की असा आवाज यायचा. डोळे मिटून मी सांगू शकायचो, आत्ता गोलकीपर गेला, आत्ता लेफ्ट बॅक. एकोणपन्नास वर्षं झाली त्याला. आज पहाटे अगदी तसाच आवाज आला. उठून बसलो. वरच्या मजल्यावर कोणीतरी टेबल सरकवत होतं. तरी खूण पटली.

निश्चय: फुटबॉलच्या इतिहासावर पॉडकास्ट काढायचा. दहा भाग. नावही सुचलं: ‘पहिल्या चेंडूपासून फायनलपर्यंत’. पहिला भाग खेळाचा उगम, दहावा आमच्या काच कारखान्याच्या संघाची ती फायनल. रोज दोन तास काम. मी टाइम ऑफिसात चौतीस वर्षं काढली आहेत, वेळ कशी पाळायची ते मला कोणी शिकवायला नको.

मुदत: ३० ऑक्टोबर.

मेहुणा ३० तारखेलाच गाव सोडून मुलीकडे कायमचा राहायला जातोय, असं काल सूनबाईकडून कळलं. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, आमचा सेंटर फॉरवर्ड. अंगाने बारीक आणि पेटला की फुटायचा, म्हणून लोक त्याला सुतळी म्हणत. दोन्ही तारखा एक आल्या हा निव्वळ योगायोग. दहाव्या भागात त्याची मुलाखत घेता आली तर बरं, एवढंच.

तो आमच्याकडे येत नाही. एकोणपन्नास वर्षांत हे तीन जिने चढलेला नाही. मागच्या नोव्हेंबरात ही गेली तेव्हाही खालच्या खाली उभा राहून गेला. स्वभाव एकेकाचा.

४ ऑक्टोबर
सूनबाईने तिचा जुना फोन दिला आणि एक छोटा माइक. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते, त्यामुळे हाताला स्वच्छता आहे. मुलगा बोटीवर; फेब्रुवारीत येईल. म्हणजे घरात आम्ही दोघंच.

आवाजाची चाचणी. हॉलमध्ये फ्रिज गुणगुणतो. माझ्या खोलीत रस्ता ऐकू येतो. बाथरूममध्ये घुमतं. शेवटी हिच्या कपाटात बसून पाहिलं. मोठं कपाट आहे, स्टूल मावतं. दोन्ही बाजूंना हिचे कपडे टांगलेले, ते आवाज शोषून घेतात. उत्तम.

ते कपडे आता कोणालातरी देऊन टाकू या, असं सूनबाई उन्हाळ्यापासून म्हणतेय. आज तिला तांत्रिक बाजू समजावून सांगितली. कपडे काढले तर आवाज घुमेल. ती मग म्हणाली, बरं बाबा, मालिका संपेपर्यंत राहू देत.

६ ऑक्टोबर
पहिला भाग रेकॉर्ड. एक तास बावन्न मिनिटं. सुरुवात स्वतःच्या श्लोकाने केली. शाळेत आम्हाला कविता तालावर म्हणायला लावत. ते मास्तर छडीने बाकावर ठेका धरायचे. तेव्हापासून वृत्त अंगात मुरलंय.

असे गोल पृथ्वी, असे गोल चेंडू,
कुणी लाथ मारी, कुणी त्यास वंदू.

भुजंगप्रयात. एक मात्रा इकडची तिकडे नाही. त्यानंतर पृथ्वीच्या गोलपणावर वीस मिनिटं, मग आदिमानव. आदिमानवाने दगडाला लाथ मारली असणारच आणि त्याला लागलं असणारच. तिथून चेंडूची गरज निर्माण झाली. हे माझं स्वतःचं संशोधन.

सूनबाईने ऐकलं. कुणी त्यास वंदू म्हणजे कोण वंदणार, असं विचारलं. वृत्तासाठी थोडं सोसावं लागतं, म्हटलं.

८ ऑक्टोबर
सूनबाईने एक तास बावन्न मिनिटांची अकरा मिनिटं केली. श्लोक गेला. आदिमानव गेला. चीन राहिला. तिकडे हजारो वर्षांपूर्वी लोक चेंडू पायाने खेळत असत, हे तिला कुठेतरी वाचायला मिळालं म्हणून. माझ्या आदिमानवाचा मात्र पुरावा मागितला.

संपादकाशी वाद घालू नये. लॅबमध्येही ती एवढ्याशा थेंबावरून माणसाचा निकाल लावते.

९ ऑक्टोबर, दुपार
अपलोड. आता वाट बघायची.

९ ऑक्टोबर, संध्याकाळ
चौदा श्रोते! पहिल्याच दिवशी! फायनलला तीन हजार माणसं होती, पण ती बारा वर्षांच्या मेहनतीने जमली होती.

१० ऑक्टोबर
सूनबाई म्हणते, त्या चौदांतले तेरा तुम्हीच आहात. दर वेळी उघडून बघता ते मोजलं जातं. मग चौदावा कोण? तिला म्हटलं, तूच असशील. नाही म्हणाली, मी तर फायलीवरच ऐकला.

म्हणजे जगात कुठेतरी एक श्रोता आहे आणि त्याने अकरा मिनिटं पुरी ऐकली आहेत. त्याच्यासाठी दुसऱ्या भागात श्लोक ठेवायचाच.

११ ऑक्टोबर
जेवताना सूनबाई म्हणाली, बाबा, तुम्ही थेट तुमच्या संघापासून का सुरू करत नाही? चीन सगळ्यांना इंटरनेटवर मिळतो. सुतळीमामांचा गोल कुठेच मिळत नाही. तो तुम्हीच सांगू शकता.

तिला समजावलं. इतिहास मुळापासून सांगावा लागतो. फळ आधी तोडून मग झाड लावता येत नाही. ती म्हणाली, पण तीस तारीख? म्हटलं, तीस तारखेचा काय संबंध? तिने पातेल्यात डोकावून विचारलं, आमटी वाढू का.

या आठवड्यात भाग दोन, तीन, चार. पुढच्या आठवड्यात पाच ते आठ. मग श्वास घ्यायला दोन दिवस. हिशेब बरोबर बसतो.

१३ ऑक्टोबर
आज माळ्यावरून रजिस्टर काढलं. कारखाना बंद झाला तेव्हा मी ते जतन करण्यासाठी घरी आणलं होतं. निळा पुठ्ठा, आत बारा वर्षांचे सगळे सामने, सगळं माझ्या अक्षरात. प्रत्येक पानाखाली सही आणि हुद्दा: व्यवस्थापक, फुटबॉल संघ. असा अस्सल पुरावा किती पॉडकास्टवाल्यांकडे असेल?

सूनबाई पानं उलटता उलटता म्हणाली, पण आई तर म्हणायच्या, तुम्ही बूट सांभाळायचात. सांगितलं, बूट हे व्यवस्थापनाचंच एक अंग. डोकं वर असलं तरी चालतं माणूस पायाने.

फायनलनंतरचं एक पान मी आधीच मागच्या पुठ्ठ्याला टाचून ठेवलं होतं. ते तांत्रिक स्वरूपाचं आहे, श्रोत्यांना त्यात रस नसणार.

१५ ऑक्टोबर
दुसरा भाग, ‘चेंडूचं अंतरंग’. पूर्वी आतला फुगा डुकराच्या मूत्राशयाचा असे, मग रबर आलं, चामड्याला दोरी ओवायची, ओला झाला की चेंडू दगड व्हायचा, डोक्याने मारणाऱ्याला तारे दिसायचे. सगळं आठवत होतं. कपाटात जरा उबदार असतं. मध्येच डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा रेकॉर्डिंग चालूच होतं.

सूनबाई म्हणते, मध्ये बावीस मिनिटं नुसता श्वास आहे आणि एकदा तुम्ही आईंना हाक मारलीत.

म्हटलं, ते काप.

१६ ऑक्टोबर
भाग दोन अपलोड. नऊ मिनिटं. श्लोक पुन्हा गेला.

श्रोते: एक. मी आज एकदाही उघडला नाही, मुद्दाम. म्हणजे हा तोच. निष्ठावंत आहे.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळ
आज मेहुण्याला मुलाखतीचं आमंत्रण द्यायला निघालो. इस्त्रीचा शर्ट, खिशात प्रश्नांची यादी. प्रश्न १: चेंडू म्हणजे तुमच्या लेखी काय? प्रश्न २: तुमची प्रेरणा? असे सतरा.

त्याच्या रस्त्याला वळलो. तळमजल्यावर खिडकीशी बसला होता. केस पांढरे झालेत सगळे. मांडीवर छत्री घेऊन तिची काडी सरळ करत होता. मी समोरच्या फुटपाथवरून हाक मारली. तशी हळूच मारली, पण रस्ता शांत होता. मान वर केली नाही. पुन्हा मारली, जरा मोठ्याने. शेजारच्या दुकानातला चष्मेवाला बाहेर येऊन बघायला लागला, पण हा छत्रीतच.

अहंकार. ऐकून न ऐकल्यासारखं करणारी माणसं मी टाइम ऑफिसात खूप पाहिली.

चष्मेवाल्याकडून काच पुसायचं कापड घेतलं आणि परत आलो. फेरी अगदीच वाया गेली नाही.

१९ ऑक्टोबर
ही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच्याकडे जायची. एकटी. जाताना दारात थांबून विचारायची, येताय? मी म्हणायचो, पुढच्या वेळी. ही पायात चप्पल घालून थोडा वेळ उभी राहायची आणि मग जायची.

हे कशाला लिहिलं, कळत नाही. पॉडकास्टशी संबंध नाही.

२० ऑक्टोबर
त्याला फोन केला. पूर्ण वाजून बंद झाला. पुन्हा केला. पुन्हा तेच. माझं कर्तव्य मी केलं.

भाग तीनचं टिपण सुरू. चौथा ते आठवा भाग थोडक्यात उरकता येतील.

२२ ऑक्टोबर
तिसरा भाग: ‘बूट’. या विषयात माझा हात कोणी धरणार नाही. आज न अडखळता बोललो. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी नवे बूट पायात घालून खेळाडूंना पाण्याच्या टबात उभं कसं करायचो, म्हणजे चामडं त्यांच्या पायाचा आकार कसं घ्यायचं. तळाला स्टड असत, चामड्याच्या चकत्या एकावर एक ठेवून केलेले. एका बुटाला सहा. प्रत्येकात तीन बारीक खिळे. लोखंडी साच्यावर बूट उलटा चढवून हातोडीने ठोकायचे, म्हणजे खिळ्याचं टोक आत वळून बसतं. मग बुटात हात घालून आतून बोटं फिरवायची. काही टोचत नाही ना? नाही. मग पुढचा बूट. अकरा जोड्या, एकशे बत्तीस स्टड, तीनशे शहाण्णव खिळे. बारा वर्षं.

सूनबाई या वेळी काहीच कापणार नाही म्हणाली. पहिल्यांदाच! म्हणाली, बाबा, हे ऐकत राहावंसं वाटतं.

मग हेडफोन काढून तिने विचारलं, सुतळीमामांच्या पायाला फायनलमध्ये काय झालं होतं? आई कधी सांगायच्या नाहीत.

मी म्हणालो, माइकची बॅटरी संपली. ती म्हणाली, आत्ता कुठे रेकॉर्डिंग चालू आहे.

२३ ऑक्टोबर
घसा बसला. गरम पाणी. आवाज हे या कामातलं भांडवल, तो जपायला हवा. चौथा भाग उद्या.

२४ ऑक्टोबर
घसा.

२५ ऑक्टोबर
घसा बरा आहे, पण मूड नाही. कलाकाराला मूड लागतो.

फेरआखणी: चौथ्यापासून नवव्यापर्यंतचे भाग एकत्र करायचे आणि फायनल पुढच्या वर्षी, स्वतंत्र मालिका म्हणून. घाईत इतिहास सांगू नये. मेहुण्याला काय, तो मुलीकडेही ऐकू शकतोच. पॉडकास्टची हीच तर मजा, कुठूनही ऐकता येतो. उलट तिकडे त्याला निवांतपणा मिळेल.

हे ठरल्यावर फार बरं वाटलं. चहा दोनदा घेतला.

२६ ऑक्टोबर, सकाळी ९
कव्हरवर टाकायला रजिस्टरचा फोटो हवा म्हणून सूनबाईने ते घेतलं होतं. टाचणी तिच्या हाताला लागली.

तिने ते पान वाचलं.

मी दाढी करत होतो. ती बाथरूमच्या दारात आली. म्हणाली, बाबा, हे अक्षर तुमचं आहे? म्हटलं, सगळं रजिस्टरच माझ्या अक्षरात आहे. ती म्हणाली, मी या पानाचं विचारतेय. म्हटलं, हो.

ती डबा घेऊन लॅबला गेली. निघताना नेहमी म्हणते, बाबा, गॅस बघा. आज म्हणाली नाही. मी बघितला. बंदच होता.

२६ ऑक्टोबर, दुपार
एका बाजूची दाढी राहिली होती. आत्ता केली.

२७ ऑक्टोबर
काही नाही.

२८ ऑक्टोबर
श्लोक करायला बसलो. मन शांत करायला वृत्तासारखं औषध नाही. ‘खिळा’ला यमकं शोधली. किती तरी आहेत. एकही नको वाटलं.

सूनबाई रात्रीची भांडी लावता लावता एवढंच म्हणाली, परवा सकाळी सातला निघतायत ते. त्यांची मुलगी गाडी घेऊन आली आहे. मी म्हटलं, प्रवास सुखाचा होवो. तिने हातातली ताटली जरा जोरात ठेवली. फुटली नाही.

आमच्या कारखान्यात एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. बाटलीत बुडबुडा राहिला तर भट्टीवाल्याला तो तेव्हाच दिसतो. तरी बाटली पुढे जाते, कारण पट्टा चालू असतो. हे वाक्य पॉडकास्टमध्ये वापरायला चांगलं आहे. वापरणार नाही.

२९ ऑक्टोबर, दुपारी ४
रेकॉर्ड केलं. चार मिनिटं. श्लोक नाही, चीन नाही. काय बोललो ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या मीच नाही म्हणायला नको.

फायनलच्या आदल्या दिवशी सुतळीच्या उजव्या बुटाचा एक स्टड सैल होता. बारीक खिळे संपले होते. पॅकिंग खात्यात लाकडी खोक्यांना लावतात ते लांब खिळे होते, त्यातले तीन आणून ठोकले. टोक वळलं की नाही ते बुटात हात घालून बघायला हवं होतं. बघितलं नाही. बक्षीस समारंभात म्हणायची कविता मी लिहीत होतो आणि दुसरं कडवं बसत नव्हतं. एकीकडे हातोडी, एकीकडे कडवं. कडवं बसलं. बूट पिशवीत टाकला.

मध्यंतरात तो माझ्याकडे आला. म्हणाला, दाजी, बुटात काहीतरी टोचतंय. मी म्हणालो, फायनल आहे बाबा, टोचणारच. तो हसला आणि गेला. ऐंशीव्या मिनिटाला त्याच पायाने गोल केला. तीन हजार माणसं सुतळी सुतळी म्हणून नाचत होती. मी कविता म्हटली. टाळ्या पडल्या. तेव्हा तो बाकावर बसून मोजा काढत होता आणि मोजा निघत नव्हता.

पाय चिघळला. दोन बोटं काढावी लागली. चौथ्या दिवशी मोठ्या साहेबांनी माझ्याकडे अहवाल मागितला. मी लिहिला: सदर खेळाडूने सूचना डावलून स्वतःच्या हाताने बुटास खिळे ठोकले, त्यामुळे दुखापत झाली. खाली सही. व्यवस्थापक.

त्याची स्वतःचीच चूक ठरली म्हणून कारखान्याने हात वर केले. भट्टीवरचं काम गेलं. पुढची तेहेतीस वर्षं गेटवर स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहिली त्याने. टाइम ऑफिस गेटला लागूनच होतं. रोज सकाळी मी त्याच्यासमोरून आत जायचो. तो माझं नाव वहीत लिहायचा. बरोबर लिहायचा.

तो अहवाल खोटा आहे. खिळे मी ठोकले.

एवढंच बोललो.

२९ ऑक्टोबर, संध्याकाळी ६
सूनबाईने ऐकलं. एक सेकंदही कापला नाही. अपलोड करू का, असं दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हो म्हणालो. भाग चौथा. नाव काय देऊ म्हणाली. म्हटलं, नाव नको.

झालं. सगळ्या जगासमोर बोललो. याहून जाहीर काय असतं? त्याने ऐकलं की विषय संपला. कदाचित उद्या निघता निघता फोन करेल. मोठ्या मनाने घ्यायचं ठरवलं आहे.

संकल्प: उद्या सातला स्वतः निरोप द्यायला जायचं. साडेपाचचा गजर लावला. शर्ट खुर्चीवर काढून ठेवला.

३० ऑक्टोबर, सकाळी ११
गजर वाजला. उठलो. दाढी, अंघोळ, शर्ट, सगळं वेळेत. सहा पस्तीसला बूट घालायला बसलो. नाडी बांधली. सैल वाटली, पुन्हा बांधली. मग घट्ट वाटली. सात पाचपर्यंत बांधत होतो.

सात पाचला गेलो तर नुसती रिकामी खिडकी दिसली असती. त्यात काय बघायचं. बूट काढून ठेवले.

चौथ्या भागाचे श्रोते: एक. तोच निष्ठावंत. मेहुण्याचं काही नाही. गाडीत रेंज नसेल.

३० ऑक्टोबर, रात्री जेवल्यावर
सूनबाईला म्हटलं, एव्हाना त्याने ऐकलं असेल. तिने घास हातातच ठेवला. म्हणाली, कोणी? म्हटलं, सुतळीने. ती म्हणाली, बाबा, सुतळीमामांना दोन वर्षांपासून ऐकू येत नाही. काहीच नाही. मशीनचाही उपयोग होत नाही. आई तिकडून आल्या की सांगायच्या ना, आज पाटीवर लिहून गप्पा मारल्या म्हणून? तुम्हाला माहीत नव्हतं?

सांगायची. ही बोलायची तेव्हा मी बहुतेक काहीतरी लिहीत असायचो.

तर अशी गोष्ट आहे. पूर्ण वाजून बंद झालेला फोन. खिडकीतली न वळलेली मान. ऐकू न येणाऱ्या माणसासाठी महिनाभर कपाटात बसून बोललो.

सूनबाईने विचारलं, मग तुम्ही हा पॉडकास्ट नक्की कुणासाठी काढला होता? म्हटलं, इतिहासासाठी. दही संपलं होतं.

३१ ऑक्टोबर, सकाळी १०
समारोप. नियोजन दहा भागांचं, झाले चार. वाईट नाही; काळाच्या मानाने आम्ही आदिमानवापासून माझ्या तिशीपर्यंत पोहोचलो, हे अंतर थोडं नव्हे. श्रोता एक. माइक डबीत घालून सूनबाईच्या टेबलावर ठेवला. ती लॅबला गेली आहे. आजपासून काय करायचं ते ठरवलेलं नाही. ठरवणारही नाही. गॅस बघितला.

३१ ऑक्टोबर, १० वाजून ४० मिनिटं
बेल वाजली. दारात पंचेचाळिशीची एक बाई, हातात गाडीची किल्ली, जिने चढून दम लागलेला. मी ओळखलं नाही. तिने विचारलं, पॉडकास्ट तुम्हीच करता ना? मी शर्टाची कॉलर नीट केली. शेवटी निष्ठावंत श्रोता घरी आला तर! म्हटलं, या, बसा, आपला अभिप्राय काय?

बसली नाही. म्हणाली, मी सुतळीची मुलगी.

हिला मी तान्ही असताना एकदा पाहिलं होतं. तेही खिडकीतून.

एका दमात बोलली. सूनबाईने पहिल्याच दिवशी तिला लिंक पाठवली होती म्हणे. चारही भाग तिने ऐकले. चीन ऐकला, मूत्राशय ऐकलं, काका, तुम्ही कधी एकदा मुद्द्यावर येताय म्हणून मी आमच्या घरी रोज फोन उघडून बघायचे, म्हणाली. काल सामान गाडीत चढलं होतं. निघायच्या आधी चौथा ऐकला आणि जेवढं जमलं तेवढं बाबांना पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं, पाटी पुसली आणि गाडीतून उतरून परत घरात जाऊन बसले. काल दिवसभर हलले नाहीत. आज सकाळी फक्त एकच बोलले, पाटी नको, कागद आण. आता खाली गाडीत बसलेत. त्या पायाने तीन जिने चढवत नाहीत.

मी म्हटलं, मग मी खाली येऊन बोलतो त्याच्याशी. ती म्हणाली, बोलून काय उपयोग काका? तेव्हा तुम्ही लिहिलं होतंत. लिहूनच द्या. सहीसकट.

या वहीचं पान फाडून घेतलं आहे. पेन चालतंय. ती दारातच उभी आहे, चप्पलही काढली नाही. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. शेवटी तिलाच विचारलं, सुरुवात कुठून करू?

ती म्हणाली, खिळ्यापासून.